नवाचा ताळा

गोळीबार चौक, नागपूर
रविवार, ५ जानेवारी १९६९

तीर्थरूप मामाजींस,
गोपिकेचा शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली, ती आधी दुरुस्त करते. खाणीतल्या पाण्याचा मोठा आकडा मी स्वतः गुणून तपासला आणि मग सही केली, असं मी लिहिलं होतं. सही केली हे खरं आहे. गुणून पाहिला हे खरं नाही. गुणाकार आमच्या ऑफिसातल्या महादेवरावांनी केला. मी फक्त तुम्ही शिकवलेला नवाचा ताळा, म्हणजे अंकांची बेरीज, पाहिला. ताळा जुळला, म्हणून 'तपासले' या शब्दाखाली सही केली. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी वाढवून लिहिलं. टपालपेटीत पत्र टाकलं तेव्हापासून ते मनाला लागून आहे.

काम काय होतं तेही नीट सांगते, कारण मागे घाईत अर्धवटच लिहिलं. धंतोलीतलं आमचं ऑफिस जमिनीची आणि खाणींची मोजणी करून देतं. कन्हान नदीपलीकडे एक कोळशाची खाण आहे. तिच्या शेजारी तीस वर्षांपूर्वी बंद पडलेली जुनी खाण आहे. जुन्या खाणीचं तोंड ढासळलेलं आहे, आत उतरता येत नाही आणि आतले सगळे बोगदे पाण्याने भरलेले आहेत. नव्या आणि जुन्या खाणीच्या मध्ये कोळशाचीच एक भिंत राखलेली आहे. आता मालकांना ती भिंत फोडून पलीकडचा उरलेला कोळसा काढायचा आहे. म्हणून वरून भोक पाडून पंपाने पाणी उपसणं चालू आहे. आत पाणी किती, हे डोळ्यांनी दिसत नाही. ते फक्त जुन्या नकाशावरून काढायचं. तोच आमचा आकडा.

नेहमीप्रमाणे तो तुमच्याकडे कूळ काढायला, कोणकोणत्या आकड्यांनी भागला जातो ते शोधायला, पाठवते: ४१,९४,३७१. हे घनफूट आहेत. तुम्हाला सोपं जावं म्हणून एवढं सांगते, की जुने बोगदे अकरा फूट रुंद आणि सात फूट उंच होते. तेव्हा सात आणि अकरा या आकड्याच्या पोटात आहेतच. बाकीचं तुम्ही शोधा.

बाबांचा खोकला कमी आहे. मामींना नमस्कार. तुमचा ईश्वरदासदादा पत्र लिहीत नाही. रागावला आहे का?

आपली,
गोपिका

———

उमरेड
गुरुवार, ९ जानेवारी ६९

चि. गोपिका हिस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र भेटलं. खोटं लिहिलं आणि मग खरं लिहिलं, म्हणजे फिटंफाट झाली. एवढा जीव नको जाळू वं. तुझी माय पण अशीच होती. दुकानदारानं चुकून एक सुपारी जास्त दिली तर परत द्यायले जाये.

आता आकड्याचं सांगतो. तीन दुपार मी मागाचा धोटा बाजूले ठेवून पाटी घेऊन बसलो. सात त्यात शिरत नाही. सहा बाकी राहते. अकरा शिरत नाही. पाच बाकी राहते. मले वाटलं, माझ्या डोळ्याचा दोष असंल. मग तुझ्या मामीले पाटीवरचे आकडे मोठ्यानं वाचायले लावले. ती म्हणते, आकडे शिजवून वरण होत असतं तर या घरात कधी उपास पडला नसता. पण वाचले तिनं. तरी तेच.

मग मी इरेलाच पेटलो. तेरा पाह्यला, सतरा पाह्यला, एकोणीस, तेवीस, असं करत शंभरापर्यंत आलो. दोनपासून शंभरापर्यंत एकही जण त्याले भागत नाही. तुले आठवते, तू लहानपणी अशा आकड्याले काय म्हणे? बिनमायबापाचा. लहान आकडा असा असला तर नवल नाही. पण इतका मोठा, आणि तू म्हणतं की तो सात आणि अकराच्या घरचा. माणूस सांगते मी अमक्याचा, आणि अमका म्हणते मी याले ओळखतच नाही. तसं झालं.

बहुतेक तू लिहिताना कुठं चुकली. परत पाहून लिहिजो.

आणखी एक. ही खाण कन्हानच्या पलीकडे म्हणजे कोणत्या अंगाले? पूल ओलांडून उजव्या हाताची का? सहज विचारून राहिलो.

ईश्वरदास मजेत आहे. त्याच्या मागावर किनारीचं लुगडं आहे, म्हणून त्याले लिहायले फुरसत नाही.

तुझा मामा,
भैयाजी

———

नागपूर
सोमवार, १३ जानेवारी १९६९

तीर्थरूप मामाजींस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र शुक्रवारी मिळालं. खरं सांगते, आधी मला वाटलं की तुमचंच काही चुकलं असेल. वय झालं, पाटीवर अंधुक दिसत असेल, असं मी मनात म्हटलं. त्याबद्दल माफी मागते.

शनिवारी डबा खायच्या वेळी मी पक्की प्रत काढून स्वतः भाग दिला. सातने सहा बाकी. अकराने पाच बाकी. तुम्ही लिहिलं तसंच. ज्या आकड्यात सात आणि अकरा गुणून घातले आहेत, तो त्या दोघांनाही ओळखत नव्हता. मग मूळ गुणाकार पुन्हा मांडला. बोगद्यांची एकूण लांबी ६३,८२३ फूट. तिला सत्त्याहत्तरने गुणलं. एकदा, मग दुसऱ्यांदा, मग कागद उलटा करून तिसऱ्यांदा. दर वेळी आलं ४९,१४,३७१.

मग महादेवरावांच्या कच्च्या कागदांच्या गठ्ठ्यात पाहिलं. त्यांच्या कच्च्या कागदावरही ४९,१४,३७१ च आहे. त्यांचा गुणाकार बरोबर होता. कच्च्यावरून पक्की प्रत करताना नऊ आणि एक यांच्या जागा बदलल्या. एकोणपन्नास लाखांचे एक्केचाळीस झाले.

आणि ताळा जुळला, मामाजी. जुळणारच. आकडे तेच, बेरीज तीच. कच्च्याचाही ताळा दोन, पक्क्याचाही दोन. दोन आकड्यांत फरक सात लाख वीस हजारांचा आहे, आणि तो नवाने पूर्ण भागला जातो. जागा बदलल्याने पडणारा फरक नेहमीच नवाने भागला जातो, हे मला शनिवारी कळलं. म्हणजे ज्या चुकीसाठी मी ताळा पाहत होते, तीच त्याला कधी दिसत नाही. दहा वर्षं मी त्याच्यावर विश्वास ठेवून सह्या करते आहे.

आता पुढचं. पंप पंधरा ऑक्टोबरला सुरू झाला. तो दिवसाला चाळीस हजार घनफूट पाणी उपसतो. आमच्या पक्क्या आकड्याप्रमाणे एकशे पाच दिवस लागतात, म्हणजे सत्तावीस जानेवारीला जुनी खाण कोरडी. वर सावधगिरीचे तीन दिवस धरून गुरुवार, तीस जानेवारीला भिंत फोडायची असं खाणीने ठरवलं आहे. खऱ्या आकड्याप्रमाणे एकशे तेवीस दिवस लागतात. म्हणजे चौदा फेब्रुवारी. तीस तारखेला भिंतीच्या पलीकडे सहा लाख घनफुटांच्या आसपास पाणी शिल्लक असेल.

मी साहेबांना आज सकाळी सांगितलं. त्यांनी कागद ठेवून घेतला आणि पाहतो म्हणाले.

खाण पुलाच्या उजव्या हाताचीच आहे. तुम्हाला कशी ठाऊक?

उद्या संक्रांत. तिळगूळ शेजारच्या भीमाबाईंच्या हाती पाठवते आहे, त्या परवा उमरेडला येत आहेत.

गोपिका

———

उमरेड
शुक्रवार, १७ जानेवारी ६९

चि. गोपिका हिस,
आशीर्वाद.

तिळगूळ भेटला. गोड लागला नाही, पण त्यात तुझा दोष नाही.

तू मले खरं लिहितं आणि मी तुले खोटं लिहून राहिलो. आता मी पण दुरुस्त करतो. ईश्वरदास मागावर नाही. भादव्यापासून त्याचा मागाचा खड्डा रिकामा आहे. लुगड्याले गिऱ्हाईक राहिलं नाही, तुले माहीत आहे. तो खाणीत लागला. त्याच खाणीत, पुलाच्या उजव्या हाताच्या. आपल्या सात पिढ्यांत कोणी जमिनीखाली गेला नाही, म्हणून मी तुले सांगितलं नाही, तुझ्या बापालेही नाही. लाज वाटली. आणि तो भिंत फोडणाऱ्या टोळीत आहे. सहा जण आहेत. दीड पट रोजी आहे म्हणून त्यानं स्वतःहून नाव दिलं.

आणखी एक दुरुस्ती आहे. ती जड जाते, पण करतो.

नवाच्या ताळ्याले ही चूक दिसत नाही, हे मले माहीत होतं. मागावर बसणाऱ्या कोणालेही माहीत असते. ताण्यात दोन उभे धागे आपसात बदलले तर मोजणी बरोबरच भरते, आणि किनार बिघडते ते लुगडं उलगडल्यावर दिसते. म्हणून माझ्या बापानं मले दोन ताळे शिकवले होते. नवाचा आणि अकराचा. अकराच्या ताळ्यात एक आड एक आकडे घेऊन दोन बेरजा करायच्या, आणि एकीतून दुसरी वजा करायची. शून्य आलं नाहीतर अकरा आलं, तर आकडा अकराच्या घरचा. तुझ्या कच्च्या कागदावरचा पाह्य. चार, एक, तीन, एक: नऊ. नऊ, चार, सात: वीस. फरक अकरा. घरचा आहे. पक्क्या कागदावरचा पाह्य. सतरा आणि बारा. फरक पाच. परका. दोन शेजारचे आकडे बदलले की हा ताळा लगेच ओरडते.

तुम्ही दोघं माझ्या मागाजवळ बसत. तुले मी नवाचाच शिकवला. अकराचा ईश्वरदासले शिकवला, तू भाकरी आणायले आत गेली होती तेव्हा. मनात म्हटलं, पोरीले बाजारापुरता नवाचा पुरे, तिले इतकं कायले पाहिजे. दोघांत तू हुशार होती, तरी असं म्हटलं. आणि ज्याले शिकवला तो आता कुदळ घेऊन त्या भिंतीपाशी उभा आहे.

रविवारी तो सुट्टीवर येते. तेव्हा त्याले विचारतो.

एक विचारू का? तू लिहिलं की पक्की प्रत करताना आकडे बदलले. पण कोणाच्या हातानं बदलले, ते तू लिहिलं नाही. तू तर असं कधी सोडत नाही.

भैयाजी

———

नागपूर
सोमवार, २० जानेवारी १९६९

तीर्थरूप मामाजींस,
नमस्कार.

पक्की प्रत माझ्या हाताची आहे.

मागच्या पत्रात मी 'जागा बदलल्या' असं लिहिलं, जणू त्या आपोआप बदलल्या. चार ओळी लिहिल्या आणि एकाही ओळीत 'मी' आलं नाही. तुम्हाला ते दिसलं. महादेवरावांची नजर अधू झाली आहे, म्हणून पक्क्या प्रती मी करते, आणि त्याच कागदावर 'तपासले' म्हणून सहीही मीच करते. तसं करू नये. लिहिणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा असायला हवा. पण काम लवकर होतं म्हणून आम्ही दोन वर्षं तसंच करत आलो. नवाचा ताळा आहे ना, असं मी म्हणायचे.

अकराच्या ताळ्याबद्दल तुम्ही लिहिलं ते मी दोनदा वाचलं. मला राग आला की नाही, ते अजून कळलेलं नाही. नंतर सांगेन. आता ईश्वरदासदादाचं आधी.

साहेबांकडे मी गुरुवारी पुन्हा गेले. महादेवराव तिथेच बसले होते. जे बोलणं झालं ते जसंच्या तसं लिहिते.

साहेब म्हणाले, "ताळा तुम्हीच पाहिला होता ना?"

मी म्हटलं, "हो."

"जुळला होता?"

"जुळला होता. पण ताळा जुळला तरी आकडा चुकू शकतो, साहेब."

"म्हणजे ऑफिसने खाणीला लिहायचं, की आमच्या तपासनीस बाईंना तपासता येत नाही. पुढचं काम मग कोण देणार? आणि पाणी काय फुटपट्टीने मोजतं का कोणी? अंदाज तो अंदाजच असतो. शेवटी पंप कोरडा पडला की त्यांना कळेलच."

मी म्हटलं की पंप अजून कोरडा पडलेला नाही. ते म्हणाले, अजून सत्तावीस तारीखही आलेली नाही. मग जरा आवाज खाली आणून म्हणाले की बरं, मी खाणीला पत्र टाकतो, तुम्ही डोक्यातून काढा.

बाहेर आल्यावर महादेवराव माझ्या टेबलाशी थांबले. ते म्हणाले, "पोरी, माझे नोकरीचे दोनच वर्षं राह्यले. पण ते जाऊ दे. तू आपलं पाह्य. सही तुझी आहे." ते धमकी देत नव्हते. त्यांना खरंच माझी काळजी वाटत होती, आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

आज मी जावक वही पाहिली. सोळा तारखेपासून आजपर्यंत खाणीच्या नावाने एकही पत्र गेलेलं नाही.

दादा रविवारी आला असेल. तो काय म्हणाला ते लगेच लिहा. भिंत कशी आहे ते विचारा. पंपाला पाणी पूर्वीइतकंच येतं का ते विचारा. आज खरा शिल्लक साठा दहा लाखांच्या वर आहे. कागदावरचा सव्वातीन लाखांच्या खाली आला आहे. रोज सकाळी मी दोन्हींतून चाळीस हजार वजा करते.

गोपिका

———

उमरेड
गुरुवार, २३ जानेवारी ६९

चि. गोपिका हिस,
आशीर्वाद.

ईश्वरदास आला होता. मी त्याले समोर बसवून सगळं सांगितलं. तो आधी हसला. म्हणते, बाबा, तुमची भाची तिथं धंतोलीत पंख्याखाली बसून आमची खाण बुडवून राहिली. मग मी पाटी घेतली आणि दोन्ही आकडे लिहून दिले. त्यानं तिथंच अकराचा ताळा केला. विसरला नव्हता. करून झाल्यावर पाटी उलटी ठेवली आणि मग त्यानं हसणं बंद केलं.

पंपाचं तो म्हणते, पाणी पहिल्या दिवशी जसं येत होतं तसंच पूर्ण नळभर येऊन राहिलं. टोळीचा मिस्त्री सांगते, ते जुनं पाणी नाही, नदीचं झिरपून राहिलं. भिंतीचं तो म्हणते, भिंतीले घाम येते. हात लावला की थंड लागते. मिस्त्री त्यालेही नदीच म्हणते. जे दिसते ते सगळं नदीच्या नावावर जमा. ईश्वरदासनं सोमवारी मिस्त्रीले तुझा आकडा सांगून पाह्यला, काल त्याचं कार्ड आलं. मिस्त्री म्हणे, काहून बे, बहीण साहेब झाली का तुझी? सगळे हसले. भोकं पाडणं बुधवारी, एकोणतीसले सुरू होणार. गुरुवारी बार उडवणार.

आता मी सांगतो ते शांतपणे वाच.

तुझी मामी बुधवारच्या आधी आजारी पडते. खोटीच. मी तार करतो आणि ईश्वरदास घरी येते. त्याच्या जागी बाबनराव जाईल, तो पण त्याच खाणीत कामाले आहे. त्याले दीड पट रोजीची ती बदली पाहिजेच होती, तो चार वेळा मागून गेला. तुले तुझ्या साहेबाशी भांडायचं काम नाही. तुझी नोकरी राहते, तुझ्या बापाचं औषध चालू राहते, महादेवरावाचे दोन वर्षं सुखात जातात. तू सांगायचं होतं तेवढं सांगितलं. साहेबाले सांगितलं, मिस्त्रीले सांगणं पोचलं. आता त्यांचं ते पाहतील. चूप राय, बेटा. माझा एकच पोरगा आहे आणि तू एकच भाची आहे. दोघं वाचत असाल तर मले बाकी हिशोब नाही पाहिजे.

तुझी मामी म्हणते, मले आजारी पडायले खोटं कायले करा लागते. ती तीन दिवसांपासून जेवली नाही.

हो म्हणून एक ओळ लिहिजो.

भैयाजी

———

नागपूर
रविवार, २६ जानेवारी १९६९

तीर्थरूप मामाजींस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र काल मिळालं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला बरं वाटलं. हे लिहायला नको, पण तसं झालं. मी एक कार्ड काढून त्यावर 'हो' असं लिहिलंही. पत्ता लिहिला. ते अजून माझ्याजवळ आहे.

मग मला बाबनराव आठवले. तुमच्या गल्लीतले, कडुनिंबाच्या घरातले. मी आठ वर्षांची असताना त्यांनी मला सायकल शिकवली होती. पडले तेव्हा गुडघ्याला हळद लावली आणि मामींना सांगू नको म्हणाले. तुम्ही त्यांचं नाव लिहिलंत म्हणून ते आठवले. लिहिलं नसतं तर कदाचित ते कार्ड पेटीत गेलं असतं. त्यांच्या जागी दुसरं कोणी असतं, ज्याच्याकडून मी काही शिकले नाही, तर मी काय केलं असतं, हे मी स्वतःला विचारून पाहिलं. उत्तर चांगलं आलं नाही. म्हणून ते उत्तर बाजूला ठेवून मी पुढे विचार केला.

टोळीत सहा जण आहेत. दादाला काढलं आणि बाबनरावांना घातलं, तरी सहाच राहतात. मामाजी, मी नेमकं हेच केलं आहे. एकाच्या जागी दुसरा ठेवला, बेरीज तीच राहिली, आणि खाली सही केली. पुन्हा माझ्याने ते होणार नाही.

मामींना आजारी पाडू नका. दादाला बोलवायचं की नाही, ते तुम्ही आणि तो ठरवा. तुम्ही त्याचे वडील आहात, मी त्यात बोलणार नाही. पण बोलावलंत, तर का बोलावलं हे बाबनरावांनाही सांगा. एवढंच मागते.

काल ऑफिस सुटताना महादेवराव माझ्याबरोबर पायऱ्या उतरले. साहेबांनी त्यांना कच्च्या कागदांचा गठ्ठा फाडून टाकायला सांगितला होता, आणि त्यांनी तो फाडला. रस्त्यावर आल्यावर त्यांनी जेवणाचा डबा उघडून माझ्यापुढे धरला. आत पोळीखाली कागदाची घडी होती. एकच कागद त्यांनी ठेवला होता, ४९,१४,३७१ चा. तेलाचा डाग पडला आहे, पण आकडा स्वच्छ दिसतो. ते म्हणाले, "माझी मांडणी बरोबर होती, एवढं सांगशील." मी म्हटलं, सांगेन. मग ते म्हणाले, "अन् तुझी चुकली, हे नको सांगू. नक्कल कोणाची, हे कोणी विचारणार नाही." मी म्हटलं की ते मी आधी सांगेन. नाहीतर खाणीतल्यांनी माझ्यावर विश्वास का ठेवावा? ज्याने चूक केली तोच ती कुठे आहे हे बोट ठेवून दाखवू शकतो. महादेवराव डबा बंद करून बराच वेळ त्याची कडी लावत बसले.

आता काय करणार ते लिहिते.

उद्या सकाळी साहेबांना सांगेन की मी खाणीवर जाणार आहे. लपून जाणार नाही. ते नोकरी सोडायला सांगतील. बाबांना मी काल सांगितलं. त्यांनी विचारलं, आकडा नक्की आहे का? मी म्हटलं, नक्की. मग ते म्हणाले, माझ्या खोकल्याचं नाव मध्ये आणू नको.

दुपारच्या सुट्टीत खाण निरीक्षकांच्या कचेरीत अर्ज देईन, दोन्ही आकडे लिहून, पोच घेऊन. पण बुधवारच्या आत सरकारी कागद कन्हान ओलांडून जाईल, यावर मला बसून राहता येत नाही. म्हणून परवा मी स्वतः जाते. कामठीपर्यंत बस, पुढे चालत. मॅनेजर सकाळी आठला कचेरीत येतात, असं महादेवरावांनी सांगितलं. मी त्याआधी दारात उभी असेन. त्यांना गुणाकार करायला सांगणार नाही. सात आणि अकराने भाग देऊन पाहा, एवढंच म्हणेन. ते पाच मिनिटांचं काम आहे. नाही म्हणाले तर पाळीवर जाणाऱ्या माणसांना सांगेन. हसले तर हसू देत. दादा तिथे असेल तर पाटीवर तो करून दाखवेल, त्याला येतं.

उद्या कागदावर जुनी खाण कोरडी होईल. कागदावर शेवटचा घनफूटही उपसलेला असेल. खरोखर त्या भिंतीमागे सात लाखांच्या वर पाणी असेल, आणि नळ भरून येत असेल, आणि सगळे म्हणत असतील की ही नदी आहे.

तुम्ही मला अकराचा ताळा शिकवला नाही याचा राग आला का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण मी सांगेन म्हटलं होतं. आला. पण तो तुम्ही शेवटी पत्राने शिकवलात, आणि आज मी माझ्या मागच्या दोन वर्षांच्या सगळ्या प्रतींना तो लावायला घेतला आहे. जिथे जिथे अकरा असायला हवा होता, तिथे तिथे. आतापर्यंत एकोणीस झाल्या. अजून दुसरी चूक सापडलेली नाही. पण गठ्ठा मोठा आहे.

आपली,
गोपिका

ता. क. वर मी 'परवा' असं लिहिलं. पत्र तुमच्या हाती कधी पडेल ते सांगता येत नाही, आणि तुम्ही वाचाल त्या दिवसापासून 'परवा' मोजलं तर चूक होईल. म्हणून दिवस नीट लिहिते. मंगळवार, अठ्ठावीस जानेवारी एकोणीसशे एकोणसत्तर.